आयत्या वेळचे विषय

मिळकतकराच्या बिलावर नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला मी आमच्या भागातल्या महापालिकेच्या संपर्क कार्यालयात गेले होते. इमारत जुनी, पूर्वीच्या ग्रामपंचायतीची. दोन खोल्या, पुढे जाळी लावलेली ओसरी, पायरीशी हातपंपाचा गंजलेला खांब. त्या दिवशी आत रंगकाम चाललं होतं. टेबलं खोलीच्या मधोमध ओढून त्यांवर प्लास्टिक टाकलेलं, ओल्या डिस्टेंपरचा वास डोक्यात जाणारा, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक तरुण लिपिक संगणकावर बिलं काढत बसला होता. रंगाऱ्यांनी भिंतीवरून एक लांब लाकडी फलक उतरवून दाराच्या कडेला टेकवून ठेवला होता. काळ्या पाटीवर पिवळ्या तैलरंगात सरपंचांची नावं आणि त्यांची कारकीर्द. वरची नावं एका हाताची, वळणदार, शिरोरेघ थेट ओळीच्या टोकापर्यंत ओढलेली. मध्ये कुठेतरी पेंटर बदलला असावा, अक्षर जाडं झालेलं. शेवटची काही नावं स्टिकरची. आणि अगदी शेवटच्या नावापुढे ‘पासून’च्या रकान्यात तारीख होती, ‘पर्यंत’चा रकाना कोरा.

हातावरचा रंग पुसत रंगाऱ्याने विचारलं, “साहेब, हे परत वर लावायचं का?” लिपिकाने फलकाकडे पाहिलं. मला वाटतं, त्याने तो पहिल्यांदाच नीट पाहिला. “मला नाही सांगता येणार. विचारावं लागेल.” “कुणाला विचारू?” रंगाऱ्याचा प्रश्न सरळ होता, त्याला संध्याकाळपर्यंत भिंत संपवायची होती. लिपिक खरोखरच विचारात पडला. क्षेत्रीय कार्यालयात विचारावं, की भवन विभागात, की मालमत्ता विभागात? तो बदलून आलेला, वय पंचवीस-सव्वीस असेल, गावात कुणाशी ओळख नाही. त्याने मोबाइल हातात घेतला, खाली ठेवला, आणि माझं बिल छापायला लावलं. फलक दाराशी तसाच राहिला.

कुणाला विचारू?

नाव दुरुस्त झालं, काम चोख झालं, लिपिक नम्र होता. तरी घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला आणि नंतरही कितीतरी दिवस गेला नाही. फलक लावावा की न लावावा याचं मला फार काही नव्हतं. पण ज्या इमारतीत गावाने वर्षानुवर्षं विचारण्याचंच काम केलं, तिथे उभं राहून एका माणसाला विचारायला माणूस सापडेना, हे मनाला लागलं.

मी इथे राहायला आले तेव्हा आमच्या सोसायटीच्या सगळ्या इमारती उभ्या राहिल्या नव्हत्या. गॅलरीतून ज्वारीची रानं दिसायची, आणि रानांच्या पलीकडे गावठाणातल्या मंदिराचा कळस. पहिल्याच उन्हाळ्यात आमची बोअर आटली. सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं की १ मेला ग्रामसभा असते, तिथे जाऊन बोला. आम्ही काही बायका गेलो. मंदिराच्या सभामंडपात सतरंज्या, टेबलामागे सरपंच आणि सदस्य, माइक मधूनच शिट्टी वाजवणारा, वर पंख्याची घरघर. ग्रामसेवक उभा राहून वाचत होता : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, शासनाकडून आलेल्या परिपत्रकांचे वाचन करणे. कुणाचंही लक्ष नव्हतं. पुरुष खांबांना टेकून गप्पा मारत होते, पोरं चपलांच्या ढिगात खेळत होती, हजेरीचं रजिस्टर हातोहात फिरत होतं, त्यात सह्या होत होत्या आणि शाईच्या डबीत अंगठे बुडत होते. मला वाटलं, हे काय ऐकायला आलो आपण.

मग ग्रामसेवकाने शेवटचा विषय वाचला : माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आणि सभामंडप बदलला. खांबाला टेकलेली माणसं सरसावून बसली. गप्पा थांबल्या. सभा खरी सुरू होते ती इथून, हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांच्या बाजूने एक आजी उठल्या. नऊवारी, पदर डोक्यावर, एक हात गुडघ्यावर. म्हणाल्या, माझ्या दारातल्या खांबावर दिवा नाही, हे मी मागच्या सभेत बोलले होते. आत्ता मागच्या सभेचं वाचलंत, त्यात माझं आलं नाही. सभेत हशा पिकला. सरपंच तरुण होता, त्याचे कान लाल झाले. ग्रामसेवकाने पानं मागे उलटली. खरंच नव्हतं लिहिलेलं. आजी उभ्याच. “लिही आता.” त्याने लिहिलं. “वाच.” त्याने वाचलं. माइकवरून, सगळ्या गावासमोर, वॉर्ड क्रमांकासकट. मग त्या बसल्या. दिवा किती दिवसांनी लागला ते आता मला आठवत नाही, पण त्या बसल्या तेव्हा शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हलकेच थोपटलं होतं, ते आठवतं. आणि तो ग्रामसेवक पुढच्या सगळ्या सभांमध्ये इतिवृत्त वाचताना आधी बायकांच्या बाजूला बघायचा.

ग्रामसभेला गणसंख्या लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. आमच्याकडे तीही पुष्कळदा भरायची नाही. मग सभा तहकूब करायची आणि पुन्हा बोलवायची; तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. या पळवाटेचा फायदा घेऊन किती गावांत मोजक्या माणसांनी किती ठराव उरकले असतील, याचा हिशोब कुणाकडेच नसेल. आमच्या गावातही ते झालं. शेतजमिनींचे गुंठे पडले, त्यावर घरं उठली, रस्ते इतके चिंचोळे राहिले की आजही तिथे अग्निशमनाचा बंब वळत नाही. आणि ज्यांनी हे थांबवायचं त्यांचेच भाऊबंद जमिनी विकत होते. टँकरचा धंदा कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा पंचायत गेली म्हणून मी गळा काढावा, असं तिचं चरित्र निर्मळ नव्हतं. दलित वस्तीत नळ पोचला तो सगळ्यांत शेवटी. का, असं मी एका सदस्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाइप संपले होते. हे सांगताना त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणून जवळचं सरकार ते चांगलं सरकार, असं मला सरसकट म्हणवत नाही. महाडचं उदाहरण आपण सगळे शाळेत शिकलो, पण त्यातली नगरपालिका आपल्या लक्षात राहत नाही. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी तळ्याचं पाणी प्यायलं, तेव्हा तो कागद माणसांच्या ओंजळीत आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेऱ्या, आणि उच्च न्यायालयाचा निकाल थेट १९३७ मध्ये. तळं खुलं करणारी आणि ते पुन्हा बंद करणारी माणसं एकाच गावची, कदाचित एकाच आळीतली. गावची सभा काय करू शकते याची दोन्ही टोकं मला या एका घटनेत दिसतात. पण तिथेही एक गोष्ट होती. कुणी काय ठरवलं ते नोंदलेलं होतं. ठराव कुणी केला, कुणी फिरवला, हे विचारता येत होतं. भांडायला समोर काहीतरी होतं.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत आवक-जावक टेबलावर कारकून होते. त्यांच्या शर्टाच्या उजव्या बाहीला कायम शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग असायचा आणि आईने कितीही घासला तरी तो पूर्ण जायचा नाही. संध्याकाळी घरी माणसं येत. कुणाची गटार तुंबलेली, कुणाच्या जन्मदाखल्यात चूक, कुणाची पाणीपट्टी दोनदा लागलेली. वडील त्यांना फुलस्केपवर अर्ज लिहून देत. सेवेशी, माननीय मुख्याधिकारी साहेब. लोक सांगायचे, शेवटी लिहा, मेहेरबान साहेबांनी कृपा करावी. वडील ते लिहायचे नाहीत. “पाणीपट्टी भरतोस ना? मग कृपा कसली? ‘कार्यवाही करून लेखी कळवावे’ असं लिहू.” आणि जाताना प्रत्येकाला बजावायचे की उद्या अर्ज देशील तेव्हा आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नकोस. नंबर पडला की अर्ज जिवंत होतो, असं ते म्हणत. क्रमांक पडलेला कागद कुणाच्या तरी टेबलावर जातो, आणि त्या टेबलामागच्या माणसाला नाव असतं, घर असतं, आणि तो बाजारात भेटतो.

आता मी मोबाइलवरच्या ॲपमधून तक्रार नोंदवते तेव्हाही क्रमांक पडतो, चांगला लांबलचक. दोन दिवसांनी संदेश येतो की आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कधी काम झालेलं असतं, कधी नसतं. काम झालेलं असतं तेव्हा मी मनापासून समाधानी होते. झालेलं नसतं तेव्हा तक्रार कुणी बंद केली हे कळायला मार्ग नसतो, आणि माझी तक्रार शेजारणीला ऐकू गेलेली नसते, तिची मला. आम्ही दोघी एकाच गळक्या जलवाहिनीबद्दल वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकेकट्या बोलत राहतो.

आमचं गाव महापालिकेत जाणार, ही आवई कितीतरी वर्षं उठत होती. गावात सरळ दोन तट होते. महापालिका आली की पाणी येईल, ड्रेनेज येईल, जमिनीला भाव येईल, असं म्हणणारे एकीकडे. कर वाढेल, आरक्षणं पडतील, आपल्या गावात आपलं काही चालणार नाही, असं म्हणणारे दुसरीकडे. दोघांचंही बरंचसं खरं ठरलं. शहरांच्या काठावरच्या गावांचं हे ये-जा प्रकरण राज्यभर चालू आहे. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची २७ गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० साली त्यांतली १८ पुन्हा वेगळी काढायचा सरकारचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. आधीच्या ११ मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. नकाशावर रेघ इकडची तिकडे करणं हे एका अधिसूचनेचं काम. पण त्या रेघेच्या आत राहणाऱ्या बाईला दर वेळी नव्याने शिकावं लागतं की रहिवासी दाखला कुठे मिळतो, उतारा कोण देतो, आणि नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं.

आमचं गाव गेलं तेव्हा ग्रामसेवकाची बदली झाली. नमुना आठची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, रजिस्टरं आणि बाकीचं दप्तर पोत्यांत भरून टेंपोतून क्षेत्रीय कार्यालयात गेलं. पंचायतीचे शिपाई काका महापालिकेच्या सेवेत घेतले गेले आणि त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेमणूक मिळाली. त्यांच्याकडे अख्ख्या गावाच्या व्हॉल्व्हची माहिती होती, कुठला किती आटे फिरवायचा, कुठल्या आळीला पाणी चढत नाही, ते सगळं. ती माहिती कुठल्याही पोत्यात नव्हती. आणि मग महापालिकेच्या सभागृहाचीच मुदत संपली. राज्यघटनेचं २४३ ‘यू’ हे कलम स्पष्ट सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पण इतर मागासवर्गाचं आरक्षण, प्रभागांची रचना, त्यांवरच्या याचिका यांत राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका अडकल्या ते वर्षानुवर्षं. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कल्याण-डोंबिवलीची त्याच्याही आधी, २०२० मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि २९ महापालिकांचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. तोवर सगळीकडे प्रशासक. शहरातल्या माणसाला यात निदान जुना नगरसेवक होता, माजी का होईना, फोन उचलणारा. आमच्यासारख्या गावांना सरपंच राहिला नव्हता आणि नगरसेवक आलेला नव्हता. त्या फलकावरचा कोरा रकाना मला तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्याच नावापुढे दिसायला लागला.

प्रशासकांच्या काळात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. घंटागाडी वेळेवर यायला लागली. ओढ्याकाठी पेटणारा कचऱ्याचा ढीग गेला, आणि त्या धुराने वर्षानुवर्षं खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना खरोखर आराम पडला. मंदिरापासून शाळेपर्यंतचा रस्ता सिमेंटचा झाला. हा रस्ता पंचायतीच्या काळात कधीच झाला नसता, तेवढे पैसेच नव्हते. पण तो केला जुना रस्ता न उकरता, त्याच्याच वर. गावठाणातल्या घरांचे उंबरे आधीच बुटके. रस्ता घोट्याएवढा वर गेला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून वळून सरळ घरांत शिरलं. मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेले होते. ज्या आजींनी दिव्याचं लिहून घेतलं होतं, त्यांच्या घरात धान्याच्या कोठ्या खाटेवर चढवून ठेवलेल्या, भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ, आणि त्यांची सून सुपलीने पाणी बाहेर लोटत होती. आजी मला म्हणाल्या, “अगं, वरच्या आळीचं पाणी इथूनच उतरतं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण विचारलं कुणी?”

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ज्याने अंदाजपत्रक केलं तो अभियंता वाईट नव्हता. तो पाहणीला आला तेव्हा ऊन होतं आणि रस्ता कोरडा होता. पावसात तिथे काय होतं ते माहीत असलेली माणसं चाळीस पावलांवर बसली होती, आणि त्यांना बोलवायची पद्धतच उरली नव्हती. हा माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा. रस्ते, पाणी, दिवे यांची मोजदाद होऊ शकते. पण ज्या जागी चार माणसं एकमेकांचं ऐकत आपलं गाऱ्हाणं मांडतात, ती जागा गेली की अंदाजपत्रकात कुठेच तूट दिसत नाही. (पुढच्या पावसाळ्याआधी रस्त्याच्या कडेने गटार केलं, ते मात्र सांगायला हवं. फलक भिंतीवर परत गेला नाही. गावातल्या पोरांनी तो मंदिराच्या कोठीत नेऊन ठेवला.)

आमच्या सोसायटीत यातलं काहीच जाणवत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. फाटकाच्या आत आम्ही आमचं सरकार चालवतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. गणसंख्या नाही भरली तर अर्ध्या तासासाठी तहकूब करून पुन्हा सुरू होते, ग्रामसभेसारखीच. वाहनतळावरून, पाहुण्यांच्या गाड्यांवरून, लिफ्टच्या खर्चावरून कडाक्याची भांडणं होतात. माणसं हिशोब वाचून येतात, उपविधीचा क्रमांक सांगून हरकत घेतात. म्हणजे विचारण्याची सवय आम्हाला आहे. पण ती फाटकाशी संपते. रस्ता, ओढा, शाळा, दवाखाना हे फाटकाबाहेर आहे, आणि बाहेरचं सगळं ‘त्यांचं’ आहे. आपल्याकडे एकात्मिक वसाहतींचं धोरण आलं, त्यात किमान शंभर एकरांची अट आहे; तिथे तर रस्ते, बाग, पाणी, शाळा सगळंच आत. शेजारच्या तशा एका वसाहतीतली मैत्रीण सांगत होती की तिच्या मुलाला गावाचं नाव लिहिता येत नाही, तो पत्त्यात वसाहतीचं नाव लिहितो आणि खाली पिनकोड. मुलाला दोष कसा देणार? तो कधी या गावातून चालत गेलाच नाही. आणि गावठाणातल्या पोरांनी ती वसाहत पाहिली ती फाटकाबाहेरून, किंवा घरकामाला जाणाऱ्या आईच्या तोंडून ऐकली.

आमच्या गटावर रोज कुणीतरी खड्ड्याचा फोटो टाकतं. खाली संतापाचे चेहरे, हात जोडलेले, कुणाचं तरी ‘या देशाचं काही होणार नाही’. दुपारपर्यंत तो फोटो वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली जातो. राग खरा असतो. पण तो कुणाच्या तोंडावर बोलून दाखवलेला नसतो, त्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही. आणि सतत उत्तर न मिळालेला राग हळूहळू तिरस्कारात बदलतो, हे मी माझ्याच इमारतीत पाहिलं आहे. ज्यांना आपण कधी भेटलो नाही त्या गावकऱ्यांबद्दल, कचरा उचलणाऱ्यांबद्दल, टपरीवाल्यांबद्दल चांगली शिकलेली माणसं असं काही लिहितात की वाचवत नाही.

१५ जानेवारीला आम्ही सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत मतदानाला गेलो. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग. आमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. रांग शाळेच्या व्हरांड्यातून वळून पटांगणात आलेली. सोसायटीतले कितीतरी जण स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदाच मत देत होते; आजवर त्यांची नावं त्यांच्या मूळ गावच्या यादीत. माझ्या पुढे गावठाणातली एक बाई होती, तिच्या पुढे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी. दोघांची ओळख नव्हती. रांग हलेना म्हणून ती त्यांना म्हणाली, काका, सावलीत बसा, तुमचा नंबर मी धरते. ते बसले. मग बोलायला लागले, पाण्याबद्दल, अर्थातच. तिच्या आळीला आठवड्यातून किती वेळा येतं, आमच्याकडे टँकरचा खर्च किती, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो. काका मन लावून ऐकत होते. टाकी आमच्या दोघांची एकच आहे, हे त्यांना तिथे त्या रांगेत समजलं.

आता आम्हाला चार नगरसेवक आहेत. कायद्याने निम्म्या जागा बायकांच्या, २०११ पासून, तेव्हा चारांत दोघी आहेत. चारही जण भले असतील, माझी तक्रार नाही. पण प्रभागात हजारो मतदार आणि चार प्रतिनिधी. पाण्याचं विचारायला गेलं तर पहिला दुसऱ्याचं नाव सांगू शकतो. पूर्वी सरपंचाला ती सोय नव्हती. म्हणून आम्ही काही जणांनी क्षेत्रसभेचा पाठपुरावा सुरू केला आहे. शहरातल्या मतदारांची, ग्रामसभेच्या धर्तीवरची सभा. शहरांच्या विकासासाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या अटींत असा कायदा करणं होतं, आणि महाराष्ट्राने २००९ साली तशी दुरुस्ती केलीही. माझ्या ओळखीतल्या एकालाही अशा सभेची नोटीस कधी आलेली नाही, आणि बहुतेकांना हा हक्क आहे हेच माहीत नाही. आम्ही चारही नगरसेवकांना एकत्र अर्ज दिला आहे. मेहेरबान नाही, कृपा नाही. सभा घ्या, चौघांनी एकाच वेळी या, विभागाचे अभियंता असावेत, बोललेलं सगळं लिहिलं जावं आणि सभा संपण्याआधी वाचून दाखवलं जावं.

दोघांनी होकार दिला, तिसरे ‘बघू’ म्हणाले, चौथ्या बाईंनी उलट विचारलं की विषय कोणकोणते घेणार, यादी द्या. हा प्रश्न मला आवडला. यादीसाठी बसलो तेव्हा मात्र अडलं ते जागेवर. सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं, क्लबहाउसमध्ये घेऊ, खुर्च्या आहेत, माइक आहे, पंखे आहेत. गावठाणातल्या मंडळींनी शांतपणे सांगितलं की तिथे यायचं तर फाटकावर नाव लिहावं लागतं, फोटो काढतात. आमच्या म्हाताऱ्यांना ते बरं वाटणार नाही. मग मंदिराचा सभामंडप निघाला, तर वस्तीतल्या एका तरुण शिक्षिकेने हात वर केला. तिचं एवढंच म्हणणं होतं की तिथे बसायला जागा कुठे मिळते हे तिच्या आजीला विचारा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी शाळेचं पटांगण ठरलं. रविवारी, ऊन उतरल्यावर. मुख्याध्यापिकांनी लेखी परवानगी मागायला सांगितली, ती मागितली आहे. सतरंज्या मंदिराच्या, खुर्च्या क्लबहाउसच्या.

विषयांच्या यादीत पहिला पाण्याचा, मग ओढ्याचा, रस्त्याच्या पातळीचा, शाळेपुढच्या गतिरोधकाचा. शेवटी आयत्या वेळचे विषय, त्याला वेळेची मर्यादा घालायची नाही असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. कमिटीच्या सचिवांना भीती वाटते की मग रात्र होईल. होऊ दे. इतिवृत्त कुणी लिहायचं यावर अजून एकमत नाही. माझं अक्षर बरं आहे म्हणून माझं नाव पुढे आलं. मला वाटतं वस्तीतल्या त्या शिक्षिकेने लिहावं. तिचं म्हणणं, दोघींनी लिहूया, वेगवेगळ्या वह्यांत, आणि शेवटी दोन्ही वाचून दाखवूया.